डाव्या अंगठ्याची बिस्किटं

माझ्या सवतीला मी कधी पाहिलं नाही. मी त्या घरात गेले तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. पण तिच्या हाताशी माझी गाठ पहिल्याच सकाळी पडली, कारण त्या स्वयंपाकघरात मला काही म्हणता काही धड सापडेना. मिठाची बरणी डावीकडे, पळी डावीकडे, फुंकणी डाव्या भिंतीला टेकवलेली. उलथनं घेतलं तर त्याची कड भलत्याच बाजूने झिजलेली. भाकरी उलटायला जावं तर ती मोडायची. सासूबाई म्हणाल्या, "तुडीलला भाकऱ्या करायला शिकवीत नाय वाटतं." मी मोडलेले तुकडे आपल्या ताटात ओढले. नवी नवरी होते, त्यातून बिजवराला दिलेली.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीचा घाट जिथे चढायला लागतो तिथे होती. माझा जन्म तुडीलचा, नदीकाठचा. सावित्रीच्या पाण्यापलीकडे दूरवर बघायची माझ्या डोळ्यांना सवय. इथे दार उघडलं की समोर डोंगर, आणि पावसाळ्यात तर तोही नाही, नुसतं धुकं. लग्नात मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात चांदीचा टाक घातला होता. पहिली वारलेली असली की दुसरीने तिच्या नावाचा असा टाक गळ्यात वागवायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, म्हणजे ती रुसत नाही. मी महाडला मामाकडे राहून चौथीपर्यंत शिकले होते आणि असल्या गोष्टींना हसत असे. गळ्यात पडल्यावर हसू आलं नाही. सकाळी तो टाक गार लागे, आणि दुपारपर्यंत माझ्या अंगाने तापला की मला तो अधिकच नकोसा होई.

तिची मुलगी पाच वर्षांची होती. ती मला काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशी नाही, नुसतं गो सुद्धा नाही. वाढलेलं जेवायची, वेणी घातली की घालून घ्यायची, पण सगळा वेळ तिचं तोंड दाराकडे. दारातून घाटाची वाट दिसे. मला आधी वाटलं, पोर जातीचीच घुमी आहे. मग एकदा ती शेजारच्या मुलीला सांगताना मी ऐकलं, "माजी आय वर गेलीय, म्हाबळेश्वराला. मडमेनं सोडली का येनार हाय."

मी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येवढ्याशा पोरीला काय सांगायचं? बोललो, वर गेली. इसरंल हळूहळू."

विसरेल म्हणे. जी पोर जेवताना घास हातात धरून दाराकडे बघते ती विसरणार होती. पण हे खोटं चटकन पटावं असंच होतं. माझे यजमान महाबळेश्वरी एका साहेबाच्या बंगल्यात खानसाम्याच्या हाताखाली होते. उन्हाळा तिथे आणि पावसाळा घरी, शेतीला. एका उन्हाळ्यात त्यांनी तिलाही भांड्यांच्या कामाला नेलं होतं, आणि तिथे मडमेच्या स्वयंपाकघरात बघून बघून ती एक बिस्कीट शिकून आली. तशी आपली नानकटाईच, फक्त मध्ये अंगठ्याने खळगा करायचा, त्यात लिंबाचा रस साखरेत आटवून भरायचा आणि मग भाजायचं. मडम त्यात अंडं घाली. हिने घरी अंड्यावाचून जमवलं. वाडीत त्या बिस्किटांचं मोठं कौतुक होतं. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. मुलीला ताप लागू नये म्हणून आजोळी नेऊन ठेवली होती. ती परत आली तेव्हा घरात आई नव्हती आणि समोर घाट होता.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करायचं. एक सवाष्ण बोलवायची, तिला गेलेलीच्या जागी पाटावर बसवायची आणि गेलेलीच्या आवडीचं खाऊ घालायचं. तिची ही पहिलीच नवमी. सासूबाई मला म्हणाल्या, "तिची ती बिस्कुटं कर. पन तिच्यासारकीच झाली पायजेत. नायतर तिचा जीव अडकून ऱ्हाईल, आनि अडकला तर तुज्याच पोरांच्या मुळावर येल." मला तेव्हा मूल नव्हतं. तरी मी लगेच उठून डब्यांत मैदा शोधायला लागले.

यजमानांनी महाडच्या बाजारातून मैदा आणि साखर आणून दिली. तूप घरचं होतं, कागदी लिंबं परसात होती. कसं करायचं ते यजमानांनी तोंडी सांगितलं. जवळ बसून दाखवायला मात्र ते तयार नव्हते, पहिलीच्या आठवणीने त्यांना तिथे बसवत नसावं. रॉकेलच्या डब्यात तळाला वाळू घालून तो चुलीवर ठेवायचा, आत ताटली, वर पत्रा आणि पत्र्यावर निखारे. पहिली बिस्किटं खालून करपली. मग खळगा इतका खोल झाला की तळ फाटून लिंबाचा पाक ताटलीवर सांडला आणि जळाला. घरभर आंबूस धूर. पुढे माझा हात बसला. कडा खुसखुशीत, मध्ये पिवळा जर्द पाक थरथरतोय, चव अशी की मीच दोन गपकन खाल्ली. सासूबाईंनी एक हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"चव हाय," त्या म्हणाल्या. "पन ही तिची नायत."

"काय कमी आहे?"

"ता मला नाय सांगता येत. बघूनच कळतंय."

माझा संताप झाला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच त्यातली रड. जिवंत सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, नाहीतर तिच्याकडून शिकले तरी असते. मी रागारागाने उलथनं चुलीशी आपटलं, आणि त्या झिजलेल्या कडेकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या," मी विचारलं, "ती डावरी होती का हो?"

सासूबाई खवळल्या. "नाव काढू नको त्या हाताचं. चार मान्सांत तोंड दाखवायची लाज वाटायची. मारून मारून माजा हात दुखला, पन तिचा डावा हात काय थांबला नाय."

म्हणजे ज्या हाताला जन्मभर मारलं, त्याच हाताची बिस्किटं आता त्यांना हवी होती. श्राद्धाच्या स्वयंपाकाला डावा हात चालत नाही, तेही मला ठाऊक होतं. म्हणून नवमीच्या सकाळी सासूबाई पाण्याला गेल्या तेवढ्यात मी गोळे थापले आणि डावा अंगठा टेकवला. खळगा उजवीकडे कलला, एका कडेला जरा खोल. मग पाक भरायला, ताटली उचलायला, निखारे सारायलाही मी डावाच हात वापरला. आणि ते स्वयंपाकघर पहिल्यांदा माझ्या हाताला आलं. जिथे हात जाई तिथे वस्तू होती. चिमटा शोधावा लागला नाही, फुंकणी आपोआप मुठीत आली. कुणीतरी मला बाजूला सारून माझ्या अंगाने काम उरकतंय, असं वाटून मी भ्याले. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की त्या घरात एकदाचं कुणीतरी मला काय कुठे आहे ते सांगितलं.

सासूबाई आल्या, केळीच्या पानावर निवत ठेवलेली बिस्किटं पाहिली, आणि हंडा खाली न ठेवताच पदर डोळ्यांना लावला. मी जिंकले होते.

मुलगी उठून आली. पानाजवळ उकिडवी बसली, एक बिस्कीट उचललं, त्याच्या खळग्यात आपला इवला अंगठा ठेवून पाहिला. मग ती माजघरात गेली, दाराच्या मागे डोकावली, गोठ्यात जाऊन आली, परसात लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. मला वाटलं, खेळतेय. मला वडे तळायचे होते, खिरीकडे बघायचं होतं. यजमान ओटीवर विधीला बसले. सवाष्ण आली, तिची ओटी भरली, तिला पाटावर बसवलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "पोरीला बोलव. आयच्या पाया पडू दे."

पोर घरात नव्हती. सवाष्णीबरोबर आलेली तिची जाऊ म्हणाली, येताना घाटाच्या वाटेला एक पोर दिसली, एकटीच चालली होती.

यजमानांना विधीवरून उठता येईना. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला तशी सासूबाईंनी माझा दंड धरला. "पाटावर सवाष्ण हाय. अर्ध्या पानावरून वाढनारीनं उठायचं नाय. ती उपाशी ऱ्हाईल गो." ती म्हणजे सवाष्ण नव्हे, हे मला कळलं. मी हात सोडवून घेतला आणि निघाले.

घाटात पावसाची बुरबुर होती. दोन्ही अंगांना सोनकी फुललेली, आणि वरून धुकं असं उतरलेलं की वळणापलीकडचा रस्ता दिसेना. त्या बाजूला वाघरू फिरतं, हे सगळी वाडी जाणून होती. मी हाका मारत चढले. हाक धुक्यात जायची आणि जरा वेळाने दरीतून बायकी आवाजात परत यायची. तो माझाच आवाज होता, पण दरवेळी मी थांबून ऐकत असे, कारण दरवेळी मला तो माझा वाटत नव्हता. पोर गेली तर, एवढंच माझ्या मनात होतं. त्या गेलेल्या बाईने तिला नेली तर मी त्या घरात कुणाच्या तोंडाकडे बघून राहणार होते?

ती एका वळणावर दगडावर बसलेली सापडली. चिंब भिजली होती. हातात बिस्कीट होतं, पावसाने त्याचा लगदा झाला होता आणि लिंबाचा पाक मनगटावरून ओघळत होता.

"आय आलती," ती म्हणाली. माझ्याशी ती आपण होऊन पहिल्यांदाच बोलत होती. "बिस्कुटं करून परत गेली. मला उठवलं पन नाय."

मी तिच्यासमोर खाली बसले. "ती आली नव्हती. बिस्किटं मी केली."

"नाय. ही आयची हायत."

मी तिच्या हातातल्या लगद्यावर माझा डावा अंगठा ठेवला. तिने तो पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पोर हुशार होती. तिला पटलं, आणि पटलेलं तिला नको होतं.

"मग आय कवा येनार?"

दिवाळीला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. दिवाळीनंतर शिमग्याला म्हटलं असतं. घरातल्या मोठ्या माणसांनी चालवलं होतं तेच मी पुढे चालवायचं, एवढंच होतं. पण ती पोर प्रत्येक वेळी घाट चढणार होती. मी म्हणाले, "ती येणार नाही. ती वर गेलेलीच नाही. ती मेली. गेल्या पावसात, तापाने, आपल्याच घरात."

तिने मला मारलं. दोन्ही मुठींनी, तोंडावर, छातीवर, तिला दम लागेपर्यंत. मग ती रडायला लागली, आणि ते रडणं नुकत्याच झालेल्या मरणाचं होतं. घरातल्या सगळ्यांचं वर्षापूर्वी रडून झालं होतं. त्या रस्त्यावर बसून रडायच्या राहिल्या होत्या त्या आम्ही दोघीच. मी त्या बाईला भ्याले होते, तिच्यावर चिडले होते, तिच्यासाठी रडले मात्र कधी नव्हते. त्या दिवशी रडले, पोटातून.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "तू पन मरनार?"

"हो."

"कवा?"

"ते मला माहीत नाही. पण तुला सांगून जाईन. न सांगता जाणार नाही."

मी खोटं बोलतेय की काय, ते ती नीट निरखून बघत राहिली. "गळ्याशपत?"

"गळ्याशपथ."

मग ती माझ्या कडेवर आली. घरी गेलो तर सवाष्ण अर्धं पान टाकून उठून गेली होती. सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरीला सांगितलं याचा राग नव्हता. पाट उपाशी राहिला, याचा होता. ती बाई आता या घरातून हलणार नाही, असं त्या शेवटपर्यंत म्हणत आल्या. त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. इतकी वर्षं झाली, घर बदललं, चूल जाऊन स्टोव्ह आला, तरी काही पडायला लागलं की माझा डावा हात आधी पुढे होतो. ती बिस्किटं मी पुन्हा केली नाहीत. कुणी मागितलीही नाहीत.

मुलगी मोठी झाली, महाडला दिली, पुढे नवऱ्यामागे मुंबईला गेली. मला नंतर दोन मुलगे झाले, ते माझ्याजवळ असतात. ती वर्षातून एकदा-दोनदा येते, आठवडाभर राहते. निघताना उंबऱ्यात थांबून विचारते, "काय सांगायचंय का?" मी म्हणते, "नाय. जा तू, गाडी चुकेल." माझ्या सुनांना वाटतं, हा आम्हा दोघींचा निरोप घ्यायचा रिवाज आहे. ती हसत नाही, मीही हसत नाही. मग ती जाते, आणि रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत एकदाही मागे वळून बघत नाही.

आता तिचेही केस पिकले आहेत. या खेपेला तिने विचारलं तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.