आबांची पाटी आणि माझं डॉट कॉम

आमच्या आबांचं नाव मी पुसून टाकलं. ब्रश पेंटरचा होता, पण कर्तबगारी माझी.

फैजपूरला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. 'धारावती' कंपनीचे पंप ते तीस वर्षं दुरुस्त करत होते. पाटीवर ठळक अक्षरांत 'धारावती पंप सर्व्हिस', खाली बारीक अक्षरांत त्यांचं स्वतःचं नाव, जे कोणी कधी वाचलं नाही. केळीच्या बागेत मोटार जळाली की लोक म्हणायचे, धारावतीवाल्या आबांकडे न्या. फोन उचलला की आबा स्वतःही म्हणायचे, "धारावती बोलतो." माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, लग्नपत्रिकेत आडनावापुढे कंसात 'धारावतीवाले' छापलं होतं, नाहीतर लग्न कोणाकडे आहे ते पाहुण्यांना कळलं नसतं. कंपनीचा माणूस दरवर्षी येऊन चहा प्यायचा आणि कॅलेंडर टांगून जायचा. लेखी कागद त्याने कधी दिला नाही, आबांनी मागितला नाही.

नव्वदचं दशक संपता संपता मी जळगावला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. कोर्स तीन महिन्यांचा, शहाणपण जन्मभर पुरेल एवढं. इंटरनेटवर पाहिलं तर 'धारावतीपंप डॉट कॉम' हा पत्ता चक्क मोकळा! मी तो घेऊन टाकला. आबांच्या नावाने, आबांना न विचारता.

"आबा, आता तुमचं नाव साऱ्या जगात." (कोर्स केल्यापासून मी घरातही पुस्तकी बोलायचो.)

"जगाच्या मोटारी फैजपूरले कोन आनीन?" आबा म्हणाले. मी हसलो.

थोड्याच दिवसांत कंपनीच्या मुंबईच्या वकिलाची नोटीस आली. धारावती हा आमचा नोंदलेला ट्रेडमार्क, तो वेबसाइटच्या पत्त्यात घालून तुम्ही लोकांची दिशाभूल करताय, पत्ता आमच्या नावे करा. एवढंच मागणं होतं.

"देऊन टाक न भो," आबा म्हणाले. "आपल्याले काय कराचं त्याचं?"

"असं कसं? तीस वर्षं नाव वापरतोय आपण. हक्क आहे आपला. पुरावेच पाठवतो."

वकिलाला विचारायचं मला सुचलं नाही. घरात शिकलेला मी एकटा होतो ना! मी पाटीचा फोटो काढला (समोर आबा, नव्या टोपीत). बिलबुक घेतलं, रबरी शिक्क्याचा ठसा घेतला, दुकानाची पिशवी घेतली. आई म्हणाली, "अक्काच्या लग्नाची पत्रिका बी ठेव." तीही ठेवली. वर पत्रात ठणकावून लिहिलं की आमच्या तालुक्यात धारावती म्हणजे आम्हीच, कंपनीला इथे कोणी ओळखत नाही. खाली आबांची सही घेतली आणि रजिस्टर पोस्टाने धाडून दिलं.

मुंबईच्या वकिलाने खरं तर माझे आभार मानायला हवे होते. त्याला शोधूनही सापडलं नसतं ते सगळं मी क्रमांक घालून पाठवलं होतं. दुसऱ्या नोटिशीत पत्त्यासोबत पाटी, बिलबुक, शिक्का आणि पिशवी, सगळ्यांवरून नाव काढायला सांगितलं होतं. नाहीतर कोर्ट. 'कंपनीला इथे कोणी ओळखत नाही' हे माझंच वाक्य दिशाभुलीचा पुरावा म्हणून त्यात जसंच्या तसं उतरवलं होतं. पुरावा क्रमांक पाच, लग्नपत्रिका.

अक्का रावेरहून, सासरहून, तडक आली. "म्हंजे माह्यं लगन बेकायदा व्हतं का रे?"

"लग्न नाही," मी म्हणालो. "फक्त कंस."

मग आम्ही भुसावळच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचले. "धारावतीचे पंप दुरुस्त करून मिळतील, एवढं लिहायला दुरुस्तीवाल्याला कोणी अडवत नाही. पत्ता देऊन पाटीसाठी भांडता आलं असतं. पण धारावती म्हणजे आम्हीच, हे तुम्हीच लिहून दिलंय. आता 'नाव काढतो' म्हणून सही करा."

आबांनी सही केली. पाटीवरच्या बारीक अक्षरांतल्या नावाची.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. आबा रस्त्यावर उभे राहून बघत होते. 'धारावती' रंगाखाली गेलं, नुसतं 'पंप सर्व्हिस' उरलं. मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. आबांनी उचलला, "धारा..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "दुकानातून बोलतो." पलीकडचा माणूस विचारत होता, कोणत्या?

(कंपनीने त्या पत्त्यावर 'काम चालू आहे' असं एक पान टाकलं. पुढे वर्षभर ते तसंच होतं. जळगावला गेलो की मी बघून यायचो.)

पेंटरने शिडीवरून विचारलं, "आबा, या मोकळ्या जागी काय लिहू?"

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"याचं नाव टाक," ते म्हणाले. "ते मांगाले कोनतीच कंपनी येनार नही."