गौसचाचांनी बघितलेलं बार्सिलोना

आमच्या गल्लीत कुणी क्रूझचं तिकीट काढलं, की ते आधी गौसचाचांचं दार वाजवतं. चाचांनी अर्धी हयात जहाजावरच्या लॉन्ड्रीत चादरी धुतल्या. आता कायमचे सोलापुरात आलेत, आणि सल्ला विचारला की त्यांची कळी खुलते.

परवा शेजारची ऋतुजा नवऱ्याला घेऊन आली. दोघं बार्सिलोनाहून जहाजात चढणार होती.

"आदल्या दिवशीच पोचा," चाचांनी दम भरला. "जहाज कुणाच्या बापासाठी थांबत न्हाय. पासपोर्ट, औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा. आणि उतरल्या उतरल्या विमानाकडं पळू नका. एक दिवस पाय जमिनीला टेकू द्या, न्हायतर हितं आल्यावर बी डुलत बसाल."

"आणि तिथं बघायचं काय, चाचा?"

चाचा जरा अडखळले. "बंदराच्या गेटाबाहेर कॉफीचं दुकान हाय. तिथलं वायफाय लई चांगलं हाय की."

"अजी, शहरात काय बघितलं ते विचारतीय पोरगी!" आतून चाचांची बायको सुगराबी करवादली.

जहाज बंदराला लागलं, की मिळायची तेवढी सुट्टी चाचांनी त्या दुकानात, घरी व्हिडिओ कॉल लावून काढली होती. दर वेळी.

"बार्सिलोनात शाइस्ता पहिल्यांदा चालली, ते बघितलं," ते लेकीच्या फोटोकडं बघत म्हणाले. मग ऋतुजावर डाफरले, "तुमी फोन खिशात ठेवा. गाव नीट बघून या. आन् आल्यावर मला सांगा, कसं हाय ते."