लाल ठोकळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, मैत्रिणींत नाही — आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. माझ्या याद्यांच्या वह्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रवासाची यादी, लग्नाची यादी, शाळेच्या सहलीची यादी. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. त्यातलं एक पान मी फाडलं होतं. का फाडलं, तेच सांगायचं आहे.

पण आधी सलीमभाईंबद्दल सांगते. ते सोपं आहे, म्हणूनही असेल.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं ट्रकची बॉडी बांधायचं दुकान. तेव्हा वऱ्हाडात पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या गावातल्या आत्महत्येची बातमी असायची. अमरावतीची आमची छोटी संस्था अशा घरांना भेटायला जायची — डॉक्टरबाई आणि मी. अडचण एकच होती. घरातल्या बायका बोलत्या व्हायच्या त्या संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, आणि आम्ही तर पाचलाच परतीच्या रस्त्याला लागायचो. कुणाच्या घरावर भार न टाकता गावात राहता येईल, अशी गाडी हवी होती.

सलीमभाईंनी स्वतःची जुनी मेटॅडोर काढली. “पसंत पडली तर घ्या. ताई, मी गाडी नाही, घर बांधून राहिलो.” आणि खरंच घर बांधलं. दोन बाक जोडले की पलंग. मागची फळी खाली पाडली की ओटा. टपावर पाण्याची टाकी. खिडक्या मुद्दाम उंच — आत बसून बोलणारी बाई बाहेरच्या माणसाला दिसू नये म्हणून. हे आम्हा दोघी बायकांना सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं. वेल्डिंगवरून बोट फिरवून ते डोळे मिटत, आणि केसाएवढी खोट असली तरी पुन्हा सगळं उकलत. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

दाराशी एका खाचेत त्यांनी दोन लोखंडी ठोकळे बसवले होते, चाकाखाली लावायचे. कुणी विसरू नये म्हणून लाल रंगवलेले. “जुन्या गाडीचा हँडब्रेक आहे, ताई. उतारावर त्याचा भरवसा नाही. हे लावल्याबिगर दूर जायचं नाही.” मी लगेच यादीत लिहिलं.

गाडीची परीक्षा म्हणून आम्ही धरणाच्या तलावाकाठी दोन दिवस मुक्कामाला गेलो. दोघी आत, सलीमभाई बाहेर खाटेवर. पहिला दिवस इतका छान गेला! ओट्यावर पिठलं-भाकरी झाली, समोर पाण्यावर बदकं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझ्या क्वार्टरपेक्षा बरं आहे हे.” गाडी पसंत पडल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं म्हणून सलीमभाईंनी गाडी बाभळीच्या सावलीत घेतली. उतरता उतरता म्हणाले, “ताई, ठोकळे लावजा बरं,” आणि डॉक्टरबाईंबरोबर काठावर बदकं बघायला गेले.

मी वही उघडली. आणि — हो, इथेच — मी आधी खुणा केल्या. माझी सवयच ती, एका बैठकीत सगळ्या रकान्याला खुणा करून टाकायच्या आणि मग कामं उरकायची. पाणी, बरोबर. गॅस बंद, बरोबर. ठोकळे, बरोबर. वही मिटली तेव्हा माझ्या लेखी ठोकळे लागले होते. मीही काठावर गेले.

मागे दगड खडखडले. वळून पाहिलं तर गाडी उतारावरून निघाली होती, रिकामी, सावकाश. मग मागची चाकं पाण्यात, मग ओटा, मग खिडक्यांपर्यंत.

सलीमभाई ट्रॅक्टर आणायला गावाकडे धावले, डॉक्टरबाई त्यांच्यामागे. मी एकटी होते. पाण्यात उतरून मी दारात हात घातला. ठोकळे खाचेतच होते. मी ते काढले, वर आणले आणि चाकांच्या खुणांमध्ये चिखलात दाबून ठेवले. गाडी त्यांच्यावरून गेली असावी, असे.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. नाही हो. मी अगदी नीट, हिशेबाने केलं ते.

“लावले होते ना, ताई?” परत आल्यावर त्यांनी विचारलं.

“लावले होते.”

त्यांनी एक ठोकळा उचलला, सदऱ्याने पुसला, उलटसुलट फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. केसाएवढी खोट बोटाने ओळखणारा माणूस तो — त्याला कळलं नसेल?

“मंग खोट मायाच कामात,” ते डॉक्टरबाईंना म्हणाले. “ताईची यादी चुकत नसते.”

डॉक्टरबाई एवढंच बोलल्या, “आत आम्ही झोपलेलो असतो तर?” काम तिथेच संपलं. त्या वर्षी आम्हाला गाडी मिळाली नाही. आम्ही पाचला परतत राहिलो, आणि बायका न बोललेल्या राहिल्या. सलीमभाईंनी मेटॅडोरमधले पलंग उकलले. फिरतं घर त्यांनी पुन्हा बांधलं नाही. आणि मी घरी येऊन त्या दिवसाच्या यादीचं पान, ठोकळ्यांपुढच्या खुणेसकट, फाडून टाकलं.

निरोप घेताना त्यांनी एक ठोकळा माझ्या हातात दिला होता. “ठेवा, ताई. दाराले लावाले कामी येते.” मी तो कधी दाराला लावला नाही. परवा कपाट आवरताना हाताला लागला. जड आहे. लाल रंग कुठेही खरचटलेला नाही.