त्याच्या पक्षाचं सरकार

सौदीतल्या दम्मामच्या हॉस्पिटलात डायलिसिसची यंत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ती बसवायला आलेला साठीचा जर्मन इंजिनिअर दीड वर्ष माझ्याच खोलीत बसायचा. तरुणपणापासून तो तिकडच्या कामगारांच्या पक्षाचा सदस्य. बायकोही त्याला पक्षाची पत्रकं वाटतानाच भेटलेली.

२००५च्या सप्टेंबरात त्यांची निवडणूक झाली. त्याने मत टपालानं आधीच पाठवलं होतं. निकालात बहुमत कुणालाच नाही. दोन मोठे पक्ष जवळजवळ बरोबरीत, आणि दोन्हीकडचे नेते म्हणत होते, जिंकलो आम्हीच. बोलणी सुरू झाली ती संपेचनात. तो रोज दुपारी बायकोला फोन लावायचा आणि ठेवल्यावर बराच वेळ डोळे चोळत बसायचा.

"तुमच्या देशात होतं का असं?" त्याने एकदा विचारलं.

"नेहमीच. प्रचारात एकमेकांची उणीदुणी काढायची, मग शेजारी उभं राहून शपथ घ्यायची. माझे वडील पेपरात असं काही वाचलं की मुकाट्यानं अंघोळीला जायचे."

नोव्हेंबरात सरकार झालं. ज्यांच्याविरुद्ध तो जन्मभर दारोदार फिरला, त्यांच्याच सोबत त्याचा पक्ष बसला.

"ते म्हणत होते, विक्रीकर दोन टक्क्यांनी वाढवू," तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, मुळीच नको. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरोघरी जाऊन हेच सांगितलं. आता तडजोड झाली. वाढ किती? तीन!"

त्याने पक्षाच्या राजीनाम्याचं पत्र लिहिलं. आठवडाभर ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. बायकोला कळलं तेव्हा ती चिडली. "तू तिथे वाळवंटात बसून राजीनामा देतोस. इथे शाखेत दर मंगळवारी खुर्च्या मी मांडते. मी कुठे जायचं?"

तरी त्याने पत्र टाकलं. ती सदस्य राहिली. दोन दिवस ती फोनवर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण फक्त हवापाण्याचं बोलली.

"आता हलकं वाटतंय का?" मी विचारलं.

"छे. दमलोय नुसता." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू शेवटचं मत कधी दिलंस?"

मी आठवू लागलो. इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. सुटी कधी निवडणुकीच्या वेळी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी मागितलीही नाही. यादीत माझं नाव उरलं होतं की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

"बरीच वर्षं झाली," एवढंच म्हणालो.