साडूंचा मासा आणि माझा फोटो

आमच्या घरात एका मेलेल्या माशावर माझा जीव कित्येक महिने जळत होता.

तो मासा माझे साडू वसंतराव यांचा. ते सोलापूरला नोकरीला, मी उमरग्याच्या कचेरीत कारकून. त्यांच्याकडं डबा कॅमेरा होता. नदीकाठी बोकडाएवढा मरळ मासा दोन्ही हातांत धरलेला स्वतःचा फोटो त्यांनी पाठवला आणि बायकोनं तो देवघराशेजारी लावला. (आमच्या लग्नाचा फोटो त्यापायी ट्रंकेत गेला.) घरात कुणीही आलं की ती सुरू व्हायची, "आमच्या दाजींनी धरलाय. लई ताकद लागती."

मीही मासे धरायचो, पण माझे कालवणात जायचे. त्यांचा फोटो कोण काढणार?

दिवाळीला साडू कॅमेरा घेऊन आले. बायकांना घरी ठेवून मी त्यांना नळदुर्गला बोरी नदीवर नेलं. उन्हं कलेपर्यंत बसलो तेव्हा कुठं माझ्या गळाला मरळ लागला. वीतभर. लाजेनं मी तो परत पाण्यात सोडायला निघालो.

"थांबा, सोडू नका," वसंतराव म्हणाले. "हात लांब करून मासा माझ्याकडं आणा. तुम्ही मागं, मासा पुढं. बघा कसा फुगतो ते."

मी जागीच थबकलो. "म्हणजे तुमचा तो बोकडाएवढा..."

"तो याच्याहून बारीक होता."

म्हणजे माझा मासा साडूंच्या माशाहून मोठा! इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"ऊन तोंडावर घ्या," ते म्हणाले. मी घेतलं. "अजून पुढं." मी हात खांद्यातून निखळेपर्यंत ताणले. समोरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं, म्हणून मासा जरासा वर धरला. तेवढ्यात कळ दाबल्याचा आवाज आला.

"झकास," साडू म्हणाले.

कचेरीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं. शिपायालासुद्धा. अखेर सोलापूरहून पाकीट आलं, ते बायकोनं फोडलं. मासा खरोखर म्हशीएवढा दिसत होता. त्याच्या वर माझी टोपी, खाली माझा सदरा आणि धोतर. मधे तोंड असायचं तिथं मासा.

बायकोनं फोटो पदरानं पुसला.

"तुमचा इतका चांगला फोटो आजवर आला न्हाय," ती म्हणाली.

मी फोटो खिडकीशी नेला, उजेडात नीट निरखला. खरंच, बरा दिसत होतो.