लोटूभाऊंचा लाल रंग

लोटूभाऊंच्या डोळ्यांचं काही खरं नाही, हा विचार आठवडाभर माझा पिच्छा सोडत नाही.

नवागामचे लोटूभाऊ तीस वर्षं कापड रंगाईच्या मिलमध्ये होते. पांढरी पट्टी टबात बुडवून उजेडाला धरायची आणि रंग पिकला की नाही ते सांगायचं. मिल बंद पडल्यावर माझ्या मुलीने, मृणालने, त्यांना इच्छापोरला आपल्या कारखान्यात घेतलं. तिथे ती केमिस्ट आहे. टाक्यांत सूक्ष्म शेवाळ वाढवतात. हिरवं असतं तोवर खत देतात, मग उपाशी ठेवून प्रखर उजेडात सोडतात. जीव वाचवायला ते लाल होतं. त्या लालातच अँटिऑक्सिडंट; शेवाळ वाळवून, फोडून तो काढतात.

मागच्या महिन्यात मशीन म्हणालं, टाकी तयार आहे. लोटूभाऊंनी खिशातली पट्टी बुडवली. "मॅडम, आजून कच्चंच शे."

"भाऊ, मशीन हो म्हणतंय."

"तुमनं मशीन काल जलमनं. मना डोया तीस वरीसना शेतस!"

मृणाल हसली आणि दोन दिवस थांबली. जास्तीच्या उजेडाने सगळं शेवाळ मेलं. चूक तिने स्वतःच्या नावावर लिहिली, बढती गेली.

गेल्या रविवारी ते मेथीची जुडी घेऊन घरी आले. मी लालभडक साडी नेसले होते, घडी त्याच दिवशी मोडलेली.

"ताई, साडी फिकी पडनी का?"

मी मेथी घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात मृणालने माझा हात धरला. "आई, कुणाला सांगू नकोस. ते काम सोडतील. रंगाची पारख गेली तर त्यांच्याकडे राहिलं काय?"

मी शब्द दिला. पण बुधवारी चष्म्याच्या डॉक्टरांना सहज विचारलं. ते म्हणाले, लाल फिका दिसत असेल तर डोळ्याची नस दुखावलेली असू शकते. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

आज मृणाल जेवताना म्हणाली, "भाऊ हल्ली पट्टी धरून उभेच राहतात. आज मला विचारलं, बेटा, तुले काय वाटस?"

तीस वर्षांत त्यांनी हे कुणालाच विचारलं नसेल. म्हणजे त्यांनाही कळलंय, आणि ते एकटेच ते घेऊन बसलेत.

मृणाल रागावेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. तरी सकाळी ते कामाला निघाले की मी त्यांच्या बायकोला, भागीरथीला, फोन करणार आहे.