माउंटखालचे तीन मार्क

बायकोपासून लपवलेल्या गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत. मधुमेह असून चोरून खाल्लेली जिलबी तिला माझ्या तोंडावरून कळते. पण एक गोष्ट पंचवीस वर्षं आमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, खिळ्याला टांगलेली होती — आणि ती मी तिलाच काय, कुणालाच सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

मी ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. जुने विद्यार्थी माजिवड्याच्या नाक्यावर भेटले की अजून तीच आठवण काढतात — सर सूर्यास्त काढू द्यायचे नाहीत. खरं आहे. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी, आणि वर बरोबरच्या खुणांसारखे पक्षी. हे ज्याला काढायचं असेल त्याने वर्गाबाहेर बसावं, असा माझा नियम. सूर्यास्त हे बाजारू चित्र, सलूनच्या कॅलेंडरवर शोभतं, असं मी म्हणायचो. मुलं हसायची. मला ते आवडायचं.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी कोथिंबीर आणतो म्हणून स्कूटर काढायची, कळव्याच्या पुलावर जायचं आणि सूर्य येऊरच्या डोंगरामागे जाईपर्यंत कठड्याला टेकून उभं राहायचं. आठवड्यातून चारदा तरी. घरात कोथिंबीर इतकी साठायची की दर रविवारी वड्या ठरलेल्या. शेजारणी बायकोकडे त्यांची कृती मागायच्या.

काय असतं हो त्या सूर्यास्तात? दातांच्या डॉक्टरकडे तेच चित्र, लॉजच्या काउंटरमागे तेच, मंगल कार्यालयाच्या ऑफिसात तेच. एखाद्याने सूर्योदय काढला तरी लोक सूर्यास्त समजूनच भिंतीवर लावतात. मला वाटतं, सकाळचा सूर्य आपल्याला कामाला जुंपतो. संध्याकाळचा काही मागत नाही, फक्त बघा म्हणतो. हे मला वर्गात सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मनीषा भोईर सातवी ब मध्ये होती. कळव्याची, वडील खाडीत मासेमारी करायचे. ‘माझ्या घराजवळचं दृश्य’ असा विषय दिला, तर तिने खाडीवरचा सूर्यास्त काढला. डोंगर नाहीत, झोपडी नाही. ओहोटीचा चिखल, त्यात रुतलेली एक होडी, आणि त्या चिखलावर सांडलेला केशरी उजेड. पोस्टर कलरमध्ये, शाळेच्या ड्रॉइंग पेपरवर! मी बघतच राहिलो. आणि मग काय केलं असेल? खालच्या कोपऱ्यात तिच्या नावाशेजारी लाल शाईने लिहिलं — बाजारू, 3/10. कागद वर धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. हसवलं त्यांना. ती मान खाली घालून नखावरचा रंग खरवडत बसली होती.

कागद तिला परत द्यायला हवा होता. मी तो ‘चित्र कसं काढू नये याचा नमुना’ म्हणून घरी आणला. असं मी स्वतःला सांगितलं.

गॅलरीत उजेडाला धरून बघत होतो, तर मागून बायको आली. तिने विचारलं, तुम्ही काढलंत? माझा अंगठा नेमका खालच्या कोपऱ्यावर होता. तो उचलायला किती वेळ लागतो? मी नाही उचलला. हो म्हणालो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि माझ्या चित्राकडे ती पहिल्यांदाच अशी बघत होती — आमच्या घरात चित्रकार आहे, असं. त्याच आठवड्यात मी स्वतः फ्रेमसाठी पुठ्ठ्याचा माउंट कापला, चारी बाजूंनी चांगला रुंद. नाव, शेरा, मार्क, सगळं पुठ्ठ्याखाली गेलं. मग पंचवीस वर्षं आल्यागेल्याला ती सांगत राहिली, ‘ह्यांनी काढलंय.’ मी विनयाने मान हलवायचो. तो विनय लोकांना फार भावायचा.

गेल्या महिन्यात मनीषा घरी आली. कळव्यालाच फ्लॅट घेतलाय, वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन. चहाचा कप हातात धरून ती चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ.

“सर, मी पण असाच सूर्यास्त काढलेला एकदा,” ती म्हणाली. “तुम्ही तीन मार्क दिलेले. मग मी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेच नाही.”

ती हसत होती. ओळखलं असेल तिने? मला माहीत नाही. मी म्हणालो, बिस्किटं घे.

ती गेल्यावर बायकोला उमाळा आला. पोरीला चित्र एवढं आवडलंय, तर वास्तुशांतीला तेच देऊ या, म्हणाली. मी घड्याळ सुचवलं, मिक्सर सुचवला. ती ऐकेना.

वास्तुशांतीच्या आदल्या दुपारी, ती झोपलेली असताना, मी फ्रेम उघडली. पुठ्ठा उचलला. नाव तसंच, शाई थोडी फिकटलेली. इथे खरं लिहिता आलं असतं. दोन ओळी पुरल्या असत्या. मी लाल पेन काढलं आणि तीनचा आठ केला. इंग्रजी तीनचा आठ सहज होतो. तिला तीन पक्के आठवतात, हे माहीत असून केला. आणि बघा, तेव्हाही दहा देववले नाहीत. ‘बाजारू’ तसंच राहिलं. फ्रेम बंद केली, वर चंदेरी कागद गुंडाळला.

ते चित्र आता कळव्याला तिच्या हॉलमध्ये आहे. काच कधीतरी फुटेल, फ्रेम कधीतरी बदलेल.

आमच्या भिंतीवर सोफ्याच्या वर एक पांढरा चौकोन उरलाय. बायको म्हणते, तसंच दुसरं काढा. नवे रंग आणून दिलेत तिने. रोज चहा झाला की मी कागद समोर घेऊन बसतो. सूर्याच्या जागी नारिंगी डाग पडतो, नि पाण्याचा चिखल होतो. सूर्यास्त मला येत नाही. कधीच येत नव्हता — म्हणून तर तो नियम.

तिला येत होता. सातवीत.